भिलाईची भूमी, धातुशोधक यंत्र आणि इतिहासाची साधने

‘इतिहासाची साधने’ हे शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहतात ती रुमालात बांधलेली जुनी दप्तरे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडी पडलेले कागद मिळविले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले. या थोर परंपरेमुळे कागद हेच इतिहासाचे मुख्य साधन, अशी आपली समजूत झालेली आहे. परंतु कागदावर येतो तो दरबार, तह, देणे-घेणे आणि वतनाचा तंटा. छावणीत घोड्याला नाल ठोकणारा लोहार, रानात भाला घेऊन उभा असलेला शिपाई, बाजारात चार पैसे हरवून बसलेला वाणी यांच्यासाठी कोणी दप्तर ठेवले नाही. त्यांचा इतिहास जर कोठे उरला असेल, तर तो भूमीच्या पोटात, लोखंडाच्या, तांब्याच्या आणि शिशाच्या तुकड्यांत.

हे तुकडे शोधून काढणारे धातुशोधक यंत्र आता सामान्य माणसाच्या आवाक्यात आलेले आहे. आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांच्या परदेशस्थ चिरंजीवांनी असे एक नवे यंत्र त्यांना भेट दिले, आणि आम्हा चार-सहा इतिहासप्रेमी मंडळींनी ते चालविण्याचा अभ्यास आरंभिला. हा अभ्यास करताना यंत्राविषयी जे कळले, आणि त्याहूनही अधिक इतिहासाच्या साधनांविषयी जे उमगले, ते सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पायाखालची भूमी

भिलाई म्हणजे कारखान्याबरोबर जन्मलेले गाव, त्याला कसला आला आहे इतिहास, असा प्रश्न नव्याने येथे आलेला माणूस हटकून विचारतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, हे आपणा सर्वांस पाठ आहे. परंतु ज्या जमिनीवर ही भट्टी उभी राहिली ती जमीन रिकामी नव्हती. तेथे गावे होती, तळी होती, आणि त्या गावांच्याही खाली आणखी जुनी वस्ती असण्याचा पुष्कळ संभव होता.

आपल्या अगदी शेजारी देवबलोदा येथे कलचुरी काळातील शिवमंदिर उभे आहे. पाटण तहसिलीत खारून नदीच्या काठी तरीघाट येथे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने केलेल्या उत्खननात प्राचीन व्यापारी वसाहतीचे अवशेष निघाले. बालोदकडे करकाभाट येथे महापाषाणयुगीन दफनांचे विस्तीर्ण क्षेत्र आहे. तेथील उत्खननात लोखंडी वस्तू मिळाल्या. म्हणजे पोलादाच्या या मुलखात माणूस लोखंड वापरू लागला तो काही १९५९ साली नव्हे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच तो आपल्या मृतांसोबत लोखंड पुरीत होता.

मराठी वाचकास विशेष जिव्हाळा वाटावा अशी जागा म्हणजे जुळे शहर दुर्ग. सन १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडावर चालून आले, तेव्हा मराठी फौजेने दुर्ग हे आपले ठाणे केले. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये अशी नोंद आहे की, किल्ल्याच्या उंचवट्यावरून सभोवारचा मुलूख विनाअडथळा दिसत असल्यामुळे मराठ्यांनी तेथे खंदक व तट घालून छावणी केली होती. त्याच वर्षी रतनपूरच्या हैहयवंशीय राजाने शरणागती पत्करली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून राज्य केले, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत भोसल्यांचे नाव या प्रदेशाशी जोडलेले राहिले.

एवढी मोठी फौज जेथे राहिली, तेथे तिच्या खुणा राहिल्याच असणार. नालांचे खिळे, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, तुटलेले बुधले, नागपुरी रुपया, एखादे पितळी बटण. यंत्र हाती येताच आमच्यापैकी कित्येकांच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की चला दुर्गास! तो विचार आम्ही अमलात का आणला नाही, हेच या लेखात सांगावयाचे आहे. त्यापूर्वी यंत्राची ओळख करून घेऊ.

यंत्राची कुळकथा

या यंत्राचा जन्म इतिहाससंशोधनासाठी झालेला नाही. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. ती शरीरात कोठे रुतली आहे हे वैद्यांना सापडेना, तेव्हा दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत्-प्रवाहाच्या साहाय्याने धातू शोधणारे उपकरण घाईघाईने तयार केले. ते उपकरण सदोष नव्हते. परंतु रुग्णाच्या गादीतील पोलादी स्प्रिंगांनी संकेतात घोटाळा केला, आणि वैद्यांनी शोध घेऊ दिला तो शरीराच्या भलत्याच बाजूस. गोळी सापडली नाही आणि सप्टेंबरमध्ये अध्यक्ष निवर्तले. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सैनिकास हाती धरून चालता येईल असे सुरुंगशोधक यंत्र बनविले, आणि १९४२ साली अल अलामीनच्या लढाईत वाळवंटातील सुरुंगांतून वाट काढण्यास ते उपयोगी पडले. युद्धानंतर हीच विद्या छंदिष्टांच्या हाती आली.

यंत्राचे तत्त्व आपल्या कारखान्यातील कोणाही विद्युत्-तंत्रज्ञास सहज समजेल असे आहे. दांड्याच्या टोकाशी ताटासारखी एक चकती असते आणि तिच्यात तारेची वेटोळी बसविलेली असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह सोडला की जमिनीत चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्या अंगी भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, त्यांचेही स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि दुसरे वेटोळे ते टिपते. हा प्रतिसाद किती प्रबळ आहे आणि मूळ प्रवाहाच्या किती मागे रेंगाळतो, यावरून धातूच्या जातीचा अदमास बांधता येतो. नाण्याएवढी वस्तू साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळते. ‘दहा-वीस फुटांखालचा हंडा दाखविणारे यंत्र’ म्हणून ज्या जाहिराती येतात, त्यांवर कोणी विश्वास ठेवू नये.

लोहभूमीत यंत्राचा अभ्यास

यंत्र शिकण्याची पहिली पायरी म्हणजे आपणच पुरलेल्या वस्तू आपणच शोधणे. एका सभासदांच्या स्वतःच्या घराच्या परसात आम्ही एक वाफा आखला आणि त्यात ५, १०, १५ व २० सेंटिमीटर खोलीवर निरनिराळ्या वस्तू पुरल्या: रुपयाचे नाणे, ॲल्युमिनियमची जुनी दहा पैशांची नाणी, नळाची पितळी चकती, तांब्याच्या तारेचे वेटोळे, लोखंडी खिळा आणि चांदीसारख्या चकाकणाऱ्या वेष्टनाच्या कागदाची गोळी. कोठे काय पुरले याचा नकाशा वहीत काढला. मग प्रत्येकाने आळीपाळीने चकती फिरवावी, ऐकू आलेला स्वर वहीत लिहावा आणि शेवटी नकाशाशी ताडून पाहावा, असा क्रम ठेवला.

चकती जमिनीशी समांतर व शक्य तितकी जवळ धरावी लागते. शेतकरी पेरणी करताना तासाला तास लागून ठेवतो, त्याप्रमाणे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढली पाहिजे. नाहीतर मधली पट्टी तशीच राहून जाते. संकेत मिळाला की त्याच जागी काटकोनात वळून पुन्हा फिरवावे. वाटोळे नाणे दोन्ही दिशांनी एकसारखा, स्वच्छ स्वर देते. लांबट खिळ्याचा स्वर एका दिशेने भरीव आणि दुसऱ्या दिशेने तुटक येतो. कान तयार होण्यास वेळ लागतो. तबला ऐकून ताल ओळखणाऱ्याप्रमाणे येथेही सवयीलाच महत्त्व आहे.

यापुढची अडचण मात्र खास आपल्या भिलाईची आहे. छत्तीसगडी शेतकरी जमिनीचे चार प्रकार सांगतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. यांपैकी भाठा ही तांबडी, खडेमिश्रित व लोहयुक्त माती. भराव घालण्यासाठी वापरला जाणारा मुरूम याच जातीचा. अशा भूमीवर यंत्र धरले की धातूची एकही वस्तू नसताना ते कुरकुरू लागते, कारण भूमीच थोडी धातूसारखी वागते. यावर उपाय म्हणजे भूमि-संतुलन. चकती वर-खाली हलवीत यंत्राचा कान त्या मातीला सरावेपर्यंत कळ फिरवावयाची, आणि माती बदलली की पुन्हा सगळे पहिल्यापासून करावयाचे. त्यात भर म्हणून साठ-सत्तर वर्षांच्या उद्योगाने सर्वत्र पसरलेला कचरा आहेच. वेल्डिंगच्या कांड्यांची थोटके, नट-बोल्ट, सळ्यांचे तुकडे, धातुमळीचे खडे. जेथे एका जुन्या वस्तूमागे शेकडो नव्या लोखंडी तुकड्यांचा कोलाहल आहे, तेथे यंत्रापेक्षा माणसाच्या धीराचीच अधिक परीक्षा होते.

या लोहभूमीची एक कथा येथे सांगण्याजोगी आहे. दल्ली-राजहराच्या लोहखनिजाविषयी भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बसू यांनी १८८७ मध्ये लिहिले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडाच्या शोधात निघालेले दोराबजी टाटा नागपुरास आले असता तेथील संग्रहालयात, म्हणजे आपल्या ‘अजब बंगल्या’त, सहज शिरले आणि तेथे टांगलेल्या भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्ह्यातील खनिजाच्या खुणा त्यांना दिसल्या. ते तज्ज्ञांसह त्या डोंगरावर चढले, तेव्हा पायांखालचा खडक धातूसारखा वाजत होता, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. कारखाना त्या वेळी येथे झाला नाही. परंतु अर्धशतकानंतर त्याच खनिजावर भिलाई उभी राहिली. कोठे काय आहे याची नोंद करून ठेवणारा एक नकाशा किती काम करतो, हे या कथेवरून ध्यानी येईल.

नको असलेले लोखंड, नको असलेला कागद

यंत्रात एक सोय असते. नको त्या धातूचा संकेत दाबून टाकता येतो. लोखंड दाबले की खिळ्यांची कटकट संपते, आणि वेष्टनाचा कागद दाबला की कचऱ्याची. गुप्तधनाच्या मागे लागलेला माणूस या दोन्ही कळा प्रथम दाबतो. इतिहासाच्या अभ्यासकाने येथेच थबकले पाहिजे.

पाचव्या-सहाव्या शतकांत दक्षिण कोसलात, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, शरभपुरीय राजे राज्य करीत. त्यांच्या महेंद्रादित्य व प्रसन्नमात्र या नावांची सुवर्णनाणी प्रसिद्ध आहेत. सोन्याच्या पातळ पत्र्यावर मागून ठोकून पुढच्या बाजूस गरुड, शंख, चक्र आणि राजाचे नाव उठविलेले असते. वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. एवढ्या पातळ पत्र्याचा संकेत वेष्टनाच्या कागदाच्या संकेताशी जुळण्याचा पुरेपूर संभव असतो. ज्याने ‘कागद नको’ म्हणून कळ दाबली, त्याच्या चकतीखालून प्रसन्नमात्र राजा निमूटपणे निघून जाईल! आणि ज्याने ‘लोखंड नको’ म्हटले, त्याने करकाभाटचा भालाईत आणि भास्कररामांच्या फौजेतील लोहार या दोघांनाही इतिहासातून वगळले. मौल्यवान काय आणि कचरा काय, हे यंत्र ठरवीत नाही. ते कळ दाबणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेले असते.

वस्तू आणि तिची जागा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जुनी वस्तू सापडणे म्हणजे इतिहास सापडणे नव्हे. वस्तू कोणत्या थरात, कोणत्या खोलीवर, कशाच्या शेजारी होती, हे जोवर ठाऊक आहे तोवरच ती बोलते.

आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया येथे १८७० साली गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. तेथे तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ तुकडे निघाले. तांब्याचेच वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो भरले. इतका प्रचंड साठा! परंतु तो शास्त्रीय रीतीने उकरला गेला नाही. वस्तू निरनिराळ्या संग्रहालयांत विखुरल्या आणि कोणी, केव्हा, कशासाठी हे तांबे पुरले, याविषयी आजही तर्कच करावे लागतात.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे झाडाची मुळे खणताना एका गावकऱ्यास चार ब्राँझ शिल्पे मिळाली: बैलजोडीचा रथ व त्यावरील सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. भारतीय पुरातत्त्वातील ही अनमोल वस्तू. पुढे १९७६ ते १९७९ या काळात तेथे रीतसर उत्खनन झाले. तथापि शिल्पे स्वतः उत्खननात, ज्ञात थरातून निघालेली नसल्यामुळे ती उत्तर-हडप्पाकालीन की बरीच अलीकडची, हा विद्वानांतील वाद मिटलेला नाही. सापडणाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. तो सरपण खणीत होता. परंतु हाती यंत्र घेऊन मुद्दाम शोधावयास निघालेल्या सुशिक्षिताला ही सबब सांगता येणार नाही.

याच्या उलट चित्र इंग्लंडात दिसते. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफोक परगण्यातील हॉक्स्नी गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले धातुशोधक यंत्र घेऊन त्याचा मित्र तो शोधावयास गेला आणि त्यास रोमन काळातील सोन्यारुप्याची नाणी लागली. थोड्या वस्तू निघताच त्याने खणणे थांबविले आणि अधिकाऱ्यांस कळविले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ती जागा उकरली. सुमारे १५,००० नाणी आणि सोन्यारुप्याच्या कित्येक वस्तू मिळाल्या. शिवाय त्या कोणत्या लाकडी पेटीत कशा रचून ठेवल्या होत्या, हेही कळले. हातोडाही सापडला, आणि तोही आज ब्रिटिश संग्रहालयाकडे आहे. त्या निवृत्त गृहस्थाचे मोठेपण यंत्र चालविण्यात नव्हते. योग्य क्षणी हात आवरण्यात होते.

रणभूमीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथे २५ जून १८७६ रोजी कस्टरच्या फौजेचा तद्देशीय योद्ध्यांनी पराभव केला. १९८३ साली तेथील गवत वणव्यात जळाल्यावर १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांना यंत्रे देऊन ओळीने उभे केले. संकेत मिळेल तेथे निशाण रोवावे, वस्तू हलवू नये, आधी मोजमाप करावे, असा दंडक होता. काडतुसांच्या पुंगळ्यांवरील ठोक्याच्या खुणा जुळवून एकच बंदूक रणांगणावर कोठून कोठे सरकली, हे त्यांनी दाखवून दिले. जिंकलेल्यांच्या हाती किती आधुनिक बंदुका होत्या, तेही कळले. त्या पुंगळ्या कोणी आठवण म्हणून खिशात घालून नेल्या असत्या, तर बाजारात त्यांना थोडे पैसे आले असते आणि ती लढाई मुकी झाली असती.

हेच दुर्गच्या छावणीस लागू आहे. तेथे शिशाच्या दहा गोळ्या असतील, तर त्यांची किंमत दहा गोळ्यांत नाही. त्या एका रेषेत आहेत की विखुरलेल्या, तटाच्या आत आहेत की बाहेर, यात १७४१ सालची हकीकत दडलेली असणार. आम्ही चार हौशी माणसांनी रविवारी जाऊन त्या वेचल्या, तर आपल्याच पूर्वजांची बखर आपणच फाडल्यासारखे होईल.

कायदा काय सांगतो

या विषयी कायदा स्पष्ट आहे, आणि तो प्रत्येक घरी ठाऊक असावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती काय आहे, कोठे व केव्हा सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. न कळविणाऱ्याचा त्यावरील हक्क जातो आणि तो शिक्षेस पात्र होतो. संरक्षित स्मारकांच्या परिसरात परवानगीवाचून खणता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवतीचा १०० मीटरांचा पट्टा निषिद्ध मानला जातो. देवबलोद्याचे मंदिर याच संरक्षणाखाली आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारास परवाना आवश्यक केला आणि खाजगी व्यक्तींना त्या परदेशी नेण्यास बंदी केली.

गुप्तधनाच्या लोभाने जुन्या मंदिरांचे चौथरे उकरणारी टोळकी आजही फिरतात, आणि त्यांच्या हाती मंत्र-तंत्राच्या जोडीला आता यंत्रही आले आहे. म्हणून जाणत्यांनी अधिक जपून वागले पाहिजे.

आपले कार्य

मग यंत्र घडी करून ठेवून द्यावे काय? आमच्या मते मुळीच नाही. पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली एखादे क्षेत्र तपासावयाचे असल्यास शिकलेल्या स्वयंसेवकांची गरज पडते. लिटल बिगहॉर्नला तेच घडले. त्या दिवसासाठी कान आणि हात तयार ठेवणे हे मोलाचे काम आहे. तोवर यंत्रावाचूनही करता येण्यासारखे पुष्कळ आहे. नव्या रस्त्याच्या वा घराच्या पायात काही जुने निघाले, तर ते जागचे न हलविता छायाचित्र घ्यावे, जागा व तारीख लिहावी आणि जिल्हाधिकारी अथवा पुरातत्त्व विभाग यांस कळवावे. कारखान्यासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्या गावांची, तळ्यांची, देवस्थानांची नावे सांगणारी वृद्ध माणसे आहेत तोवर ती नावे नकाशावर उतरवून घ्यावीत.

बस्तरात एडेंगा येथे १९३९ साली नलवंशीय राजांची ३२ सुवर्णनाणी मिळाली. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन व विवेचन केले, आणि वराहराजासारखे विस्मृतीत गेलेले नाव इतिहासाच्या पटलावर आले. ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली नाहीत म्हणून हे घडले. कोकणात जन्मलेल्या आणि विदर्भात कर्तृत्व गाजविलेल्या या पंडिताने छत्तीसगडच्या राजांना त्यांची नावे परत मिळवून दिली, ही गोष्ट परमुलखात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींस अभिमानास्पद तशीच मार्गदर्शकही आहे.

१७४१ साली मराठी माणूस या भूमीत भाला घेऊन आला. १९५५ नंतर तो पान्हा, पट्टी आणि संसाराची ट्रंक घेऊन आला. पहिल्या येण्याच्या खुणा मातीखाली आहेत आणि दुसऱ्या येण्याच्या खुणा आपल्या घरांत आहेत. पहिल्या खुणा तज्ज्ञांचा हात लागेपर्यंत जागच्या जागी राहू द्याव्यात, आणि दुसऱ्यांची नोंद आपण स्वतः आजच करावी, असे आम्हांस वाटते. या कामी ज्या सभासद-भगिनीबंधूंना हातभार लावावयाचा असेल, त्यांचे स्वागत आहे. वही तयार आहे.